माथ्यावर पडलेले अनुदान

सोलापुरात राहून जलसंवर्धनावर संशोधन करावे आणि त्यासाठी राज्य शासनाकडून पैसे मिळवावेत, अशी इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात विषयाची निवड तरी आपण चुकवलेली नाही. आता उरला तो फक्त पैशाचा प्रश्न, आणि त्याची उकल आपल्याच शास्त्रात आहे.

पाणलोट क्षेत्र विकासाचा पहिला धडा आपणास पाठ असेल: काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे, धावत्या पाण्याला चालायला लावावे, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला जिरायला लावावे. डोंगरउतारावर हा धडा कितपत गिरवला गेला याविषयी मतभेद असतील, परंतु अनुदानाच्या बाबतीत तो तंतोतंत पाळला जातो. माथा मुंबईत आहे आणि पायथ्याशी आपली प्रयोगशाळा. मध्ये प्रशासकीय मान्यतेचा पहिला चर, तांत्रिक मान्यतेचा दुसरा, आणि ‘लेखाशीर्ष (म्हणजे खर्च ज्याखाली टाकायचा ते सरकारी खाते) अद्याप उघडलेले नाही’ हा भक्कम नालाबांध. इतक्या उपचारांनंतर पायथ्याशी केवळ ओल पोहोचली, तर तक्रार करू नये.

प्रस्ताव लिहिताना ‘तपासणे’ आणि ‘मोजणे’ ही क्रियापदे कटाक्षाने टाळावीत. ‘खोदणे’ हे क्रियापद वापरावे. खोदकामाला पोकलेन लागते, नारळ लागतो, छायाचित्रात मान्यवरांना उभे राहण्यास जागा असते. विहिरीतील पाण्याची पातळी दर महिन्याला वहीत नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र कोण छापणार? जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला आणि भूजलपातळी वाढवण्यात त्याचा परिणाम अल्पच झाल्याचे महालेखापरीक्षकांच्या २०२० मधील अहवालाने नोंदवले, ही गोष्ट प्रस्तावात चुकूनही येऊ देऊ नये. खोदण्यावरच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे एक रुपया पाणी खरोखर साठले की नाही हे पाहण्यावर खर्च करावा, असे एखाद्या सचिवांना सुचले, तर इतक्या वर्षांची घडी विस्कटेल.

इतिहासाचा आधारही जपूनच घ्यावा. सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. आपल्या खोल काळ्या जमिनीत समपातळी बांध, म्हणजे उताराला आडवे आणि एकाच पातळीत, घातले, की पाणी बांधाशी तुंबून पीक पिवळे पडते आणि तेथे जादा पाणी हळूहळू वाहून जाऊ देणारे, किंचित उताराचे ढाळीचे बांधच हवेत, हे वर्षानुवर्षे मोजमापे घेतल्यावर कळले. माळावरच्या मुरमाड रानाला जो उपाय लागू पडतो, तो काळ्या रानात अपाय ठरतो, एवढे एकच वाक्य हाती येण्यास किती पावसाळे खर्ची पडले असतील! परंतु हे आपण समितीस सांगितलेत, तर ‘१९३३ पासून संशोधन चालूच आहे, मग आता नवीन काय?’ असा प्रश्न येईल, आणि त्याला उत्तर नसते, कारण तो प्रश्न नसून निर्णय असतो.

विषय निवडताना उसापासून दोन हात दूर राहावे. उजनी धरणाची साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातील निम्म्याहून अधिक तळाचा मृतसाठा, आणि उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे त्या मृतसाठ्याच्याही आत, जाते, एवढे जिल्ह्यातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ते पाणी कोणत्या पिकाने किती प्यायले, हा मात्र संशोधनाचा विषय नव्हे; तो साखरेचा विषय आहे, आणि जिल्ह्यात कारखाने कोणाचे आहेत हे आपणास नव्याने सांगावे असे नाही. त्यापेक्षा जनजागृती घ्यावी. प्रभातफेरी काढावी, पथनाट्य बसवावे, जलप्रतिज्ञा द्यावी. जागतिक जलदिन २२ मार्चला येतो, म्हणजे आर्थिक वर्ष संपण्यास नऊ दिवस उरलेले असतात. ही तारीख ठरवणाऱ्यांना आपल्या कोषागाराची पुरेपूर जाण असावी.

आणि खरी मेख येथेच आहे. सोलापुरात पाऊस जूनमध्ये हुलकावणी देतो आणि बहुधा सप्टेंबरात मनावर घेतो. अनुदानाचा हप्ता मात्र मार्चमध्ये येतो. म्हणून आपण पर्जन्यमापक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विकत घ्यावा, ३१ तारखेपूर्वी साठा नोंदवहीत त्याची नोंद करावी आणि तो कपाटात ठेवावा. सप्टेंबरात पाऊस येईल तेव्हा संशोधन सहायकाचे मानधन थांबलेले असेल, आणि गावोगावच्या विहिरी मोजण्यासाठी पेट्रोल आपल्याच खिशातून घालावे लागेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. येथील विद्यापीठाला २०१९ पासून ज्यांचे नाव आहे, त्या अहिल्यादेवींनीही विहिरी आणि बारवा खासगीतूनच, म्हणजे स्वतःच्या खासगत उत्पन्नातूनच, बांधल्या होत्या. त्यांची खासगी थोडी मोठी होती, इतकेच.

शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. ते तीन प्रतींत करावे, प्रत्येक पानावर शिक्का मारावा आणि अखर्चित रक्कम परत करताना खेद व्यक्त करू नये. शिक्क्याची शाई बोटांना लागेल. विभागातील बेसिनचा नळ त्या दिवशी कोरडाच असेल, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची एक बाटली मागवावी आणि तिचे वीस रुपये ‘संकीर्ण’ या शीर्षाखाली दाखवावेत. पावती मात्र जपून ठेवावी.