जंतूंची गैरसोय होऊ देऊ नका

घरचं माणूस आयसीयूत असेल तर भेटायला जायलाच हवं, तेही चौघांनी मिळून. दाराशी सॅनिटायझरची बाटली असते, तिच्याकडे बघून पुढे व्हा. वीस-तीस सेकंद हात चोळायचे म्हणे! एवढ्यात दोन मेसेज वाचून होतात. अगदीच सिस्टरचं लक्ष असेल तर तळहाताला थेंबभर लावा. बोटांची टोकं आणि अंगठे कोरडे राहू द्यात, पेशंटला त्यांनीच तर हात लावायचाय.

आत गेल्यावर पलंगाच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून उभं राहावं. काळजी शोभून दिसते. त्या कठड्यावर ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू अन्नपाण्यावाचून आठवडेच्या आठवडे तग धरू शकतो. बिचाऱ्याला पाय नाहीत. शेजारच्या बेडवर जायचं तर तुमचाच काय तो आधार.

लघवीची नळी आज काढू या, असं डॉक्टर म्हणाले तर हरकत घ्या. 'असू द्या हो, उठबस वाचते.' नळीच्या आत जंतूंनी बुळबुळीत थर धरलेला असतो, त्यात औषध धड शिरत नाही. मांडलेला संसार मोडायचा कशाला?

कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघण्याचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर 'सगळ्यात भारी अँटिबायोटिक'चा धोशा लावा, आणि रिपोर्ट बघून साधं औषध पुरेल म्हणाले तर रुसून बसा. भारी औषधाने आतड्यातले गरीब, निरुपद्रवी जंतू आधी मरतात आणि दांडग्यांना ऐसपैस जागा होते. शिवाय क्लेबसिएलासारखे जंतू औषध पचवायची विद्या डीएनएच्या एका छोट्या कड्यावर बाळगतात आणि त्याची नक्कल शेजाऱ्याला देतात, शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी. (आपल्याकडे साधी फाइल या डिपार्टमेंटातून त्या डिपार्टमेंटात जात नाही.)

पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूसाठी मेथिसिलिन हे औषध आणलं, तर १९६१ सालीच त्यालाही दाद न देणारे नमुने नोंदले गेले. किडनीला त्रास होतो म्हणून मागे पडलेलं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक नाइलाजाने परत काढलं. २०१५ मध्ये त्याच्यावर मात करणारं जनुकही तसल्याच कड्यावर सापडलं. एवढी हुशार मंडळी, त्यांच्या वाटेत तुम्ही हात धुऊन कशाला येता?

रिपोर्ट आला की त्यात औषधांची यादी असेल आणि बहुतेकांसमोर 'एस' किंवा 'आर'. 'एस' म्हणजे ते औषध चालेल, 'आर' म्हणजे ते औषध बाद. वरपासून खालपर्यंत सगळे 'आर' दिसले तर पाय लटपटतील. धरायला तो कठडा आहेच.