साप माप घेत नाही, तो मेसेज थांबवा

नाशिकच्या ग्रुपांवर पुन्हा फिरतंय: पाळलेल्या अजगराने खाणं सोडलं आणि तो मालकाशेजारी ताठ झोपू लागला, म्हणजे गिळण्यासाठी माप घेतोय. हे खरं नाही. अजगर दबा धरतो, शिकार आवाक्यात आली की झडप घालतो. माझा नोंदणी केलेला बॉल पायथन (आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर) दीड मीटरही नाही. गेल्या थंडीत पारा १० अंशांखाली गेला, तेव्हा दोन महिने उपाशी राहिला. पेटीतली उबदार बाजू ३१-३२ अंशांवर आणल्यावर त्याने उंदीर घेतला. कात टाकायच्या दिवसांतही तो खात नाही. वजन घटत असेल तर पशुवैद्य गाठा. दूध पाजू नका, तोंडात घास कोंबू नका, जिवावर बेतू शकतं. हा मेसेज वाचून घाबरलेला एखादा माणूस साप गोदाकाठी सोडून देईल, म्हणून कळकळीने सांगतो, पुढे पाठवू नका.