हॅलीचा पगार माशांत

पक्याने सकाळी ग्रुपवर टाकलेला न्यूटनचा फॉरवर्ड संध्याकाळी कट्ट्यावर पेटला.

"'मी दूरचं पाहिलं, ते दिग्गजांच्या खांद्यांवर उभा राहून!' काय ती नम्रता!" पक्या डोळे मिटून म्हणाला. पक्याचे क्लासेस आहेत. तिथल्या फळ्यावर दर सोमवारी एक थोर माणूस नम्र होतो.

"पत्र कोणाला होतं?" सुमीने विचारलं. "रॉबर्ट हूकला, त्याच्याच काळातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला. 1676 साली. प्रकाशावरून चार वर्षं जुंपली होती दोघांची. ही नम्रता नाही रे, तह आहे."

"पण गुरुत्वाकर्षण न्यूटनचंच ना?"

"गणित त्याचंच. पण अंतर वाढलं की आकर्षण अंतराच्या वर्गाने घटतं, ही गोष्ट मीही तुला पत्रातून कळवली होती, तेवढा उल्लेख कर, एवढंच हूक म्हणत होता. तर साहेब म्हणाले, मग 'प्रिन्सिपिया'चा, म्हणजे माझ्या गुरुत्वाकर्षणाच्या पुस्तकाचा, तिसरा खंडच छापत नाही! आणि मसुद्यात हूकचं नाव होतं तेही खोडत सुटले."

अण्णा तंबाखू मळत होते. "हूक 1703 मध्ये गेला. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाचा, अध्यक्ष. आणि प्रकाशावरचं पुस्तक बाहेर कधी? 1704."

"योगायोग!"

"हो ना. घरमालक वारल्यावरच तू जिन्यात बोर्ड लावलास, तसाच."

पक्या गप्प. (फार वेळ नाही.)

माझ्या मते यातला खरा माणूस हॅली, तो धूमकेतूवाला, पण मला कोण विचारतो? 1684 मध्ये तो केंब्रिजला गेला आणि विचारलं, असं अंतराच्या वर्गाने घटणारं आकर्षण असेल तर ग्रह कसा फिरेल? न्यूटन म्हणाला, लंबवर्तुळात, मी गणित केलंय. पण कागद काही सापडेना.

"थोरांचं होतं असं," पक्या.

"तुझी गणपतीच्या वर्गणीची वहीसुद्धा थोरच दिसते," सुमी.

यावर दहा मिनिटं गेली. दोन हजारांचा तो हिशेब अजून लागायचाय.

शेवटी मीच गाडी हॅलीवर आणली. सोसायटीचे पैसे माशांवरच्या एका जाड ग्रंथात अडकलेले, तो खपेना. म्हणून 1687 मध्ये 'प्रिन्सिपिया' हॅलीने पदरमोड करून छापलं. वर सोसायटीने, जिथे तो कारकून होता, त्याचा पगार दिला तो त्याच माशांत!

इतका वेळ मोबाइलमध्ये असलेल्या बाळूने मान वर केली. "पापलेट असेल तर मी आत्ता जॉइन होतो."

"पुस्तकं रे! माशांवरची पुस्तकं!"

"म्हणजे शाकाहारी पगार," अण्णा म्हणाले आणि हसता हसता त्यांनाच तंबाखूचा ठसका लागला.