उत्तर बरोबर, मग 2 मार्क कशाचे कापले?

डोकं फिरलंय माझं. पोरगी बारावी सायन्सला आहे. काल क्लासच्या टेस्टचा पेपर घेऊन आली ती डोळ्यांत पाणी आणूनच. गणित असं: छताचा पंखा मिनिटाला 1200 फेऱ्यांनी फिरतोय, बटण बंद केल्यावर एकसमान कोनीय मंदनाने (म्हणजे फिरण्याचा वेग एकसारखा कमी होत) 20 सेकंदांत थांबतो, तर तोवर किती फेरे घेईल?

तिने काय केलं? सुरुवातीला 1200, शेवटी शून्य, वेग एकसारखा उतरतोय, म्हणजे सरासरी 600. 20 सेकंद म्हणजे मिनिटाचा तिसरा हिस्सा. 600 चा तिसरा हिस्सा 200. झालं. उत्तर बरोबर! आणि मार्क? 3 पैकी 1. बाजूला लाल पेनाने, 'सूत्र कुठे?'

अहो, हेच तर सूत्र आहे! सरासरी कोनीय वेग गुणिले वेळ. अशी सरासरी घेता येते ती मंदन स्थिर आहे म्हणूनच, आणि पोरीने प्रश्नातल्या 'एकसमान' या शब्दाखाली रेघ मारून ठेवली होती. याहून जास्त काय समजायला हवं होतं तिला?

क्लासवाल्यांना हवं होतं ते असं: 1200 ला 60 ने भागा, दोन पायने गुणा, ओमेगा नॉट, म्हणजे सुरुवातीचा कोनीय वेग, 40 पाय. अल्फा, म्हणजे कोनीय त्वरण, उणे 2 पाय. थीटा, म्हणजे एकूण फिरलेला कोन, 400 पाय रेडियन (रेडियन हे कोन मोजायचं एकक). मग पुन्हा दोन पायने भागा, 200. ज्याने गुणलं त्यानेच शेवटी भागायचं! रेडियन नकोच असं मी म्हणत नाही. पात्याच्या टोकाचा वेग त्रिज्या गुणिले कोनीय वेग असा काढायचा तर त्याच्याशिवाय चालत नाही. पण इथे फेरेच दिलेत, फेरेच विचारलेत. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे एवढा वळसा घालत बसायचं पोरांनी?

आणि छताचा पंखा 1200 ने? मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. घरातला पंखा साडेतीनशे-चारशेच्या वर जात नाही. 48 इंची पंखा 1200 ने फिरला तर टोकाचा वेग ताशी 270 किलोमीटर होईल, खाली झोपायची कुणाची हिंमत आहे? बरं, खरा पंखा एकसमान मंदनाने थांबतही नाही. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे आधी झपकन उतरतो आणि शेवटचे फेरे रेंगाळत घेतो. पोरीनेच एका पात्याला लाल सुतळी बांधून ते मोजलं होतं. क्लासमध्ये सांगायला गेली तर म्हणे, 'सिलॅबसमध्ये नाही, बस खाली.'

आता रात्रीचे अकरा वाजलेत. कोनीय गतीची तीन सूत्रं दहा-दहा वेळा लिहायची शिक्षा मिळालीय, ती लिहीत बसलीय. सुतळी अजून पंख्याला तशीच आहे. उद्या दुकान उशिरा उघडलं तरी चालेल, तो पेपर घेऊन मी क्लासला जाणार आहे.