महाडला डिसेंबरात पाणी का घेतलं नाही?

सविनय कायदेभंगावर वाद सुरू झाला की बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण हमखास पुढे येतं. कायदेभंग, असहकार, सत्याग्रह आता सोडून द्या, असं ते म्हणाले होते हे खरंच आहे. पण सनदशीर मार्ग खुले असताना, ही अट त्याला जोडलेली होती. ते मार्ग नव्हते तेव्हा दुसऱ्या साधनांचं बरंच समर्थन करता येत होतं, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. ही अट गाळून भाषण फॉरवर्ड करणाऱ्यांनी एकदा १९२७ चं महाड नीट वाचावं.

मुळात २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर कायदा मोडला गेलाच नव्हता. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केलं होतं. कागद चोख होता, पण तळ्याची पायरी उतरायची सोय नव्हती. ती उतरून ओंजळभर पाणी पिणारे मिळालेला हक्क बजावत होते. आता हे देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मांडवात जेवत असलेल्या माणसांवर काठ्या चालल्या. कायदा मोडला तो त्या काठ्यांनी. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. मोडली गेली होती ती रूढी, आणि रूढीला शिक्षा द्यायला न्यायाधीश लागत नाही, गाव पुरतं. कायदेभंगाच्या चर्चेत हा फरक फार लवकर विसरला जातो.

डिसेंबरात डाव बदलला. सनातन्यांनी १२ तारखेला दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ ला अस्पृश्यांनी तळ्याचं पाणी घेऊ नये असा कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला. तळ्यावर पुन्हा पाणी घ्यायला बाबासाहेबांनी बोलावलेली परिषद २५ ला. गावातले व्यापारी माल द्यायला तयार नाहीत, मांडवाला जागा मिळाली ती एका मुसलमान गृहस्थाची, आणि जमलेल्या हजारो माणसांपैकी बहुतेकांची जेलमध्ये जायची तयारी. आता हुकूम मोडायचा का?

माझ्या मते कायदेभंगाचं सगळं तत्त्वज्ञान या प्रश्नात आहे. हुकूम कोणी काढला? तो रद्द करून घ्यायचा दुसरा रस्ता आहे का? मोडल्यावर सरकार कोणाच्या बाजूला जाऊन उभं राहील? मार्चमध्ये मारहाण करणाऱ्यांवर सरकारने खटले भरले होते. मनाईहुकूम मोडला असता तर तेच सरकार, तेच पोलीस सनातन्यांच्या हुकमाची अंमलबजावणी करायला तळ्याच्या काठावर उभे राहिले असते. लढाई एका शत्रूशी होती, ती दोघांशी झाली असती, आणि दुसरा शत्रू स्वतःहून ओढवून घेतलेला. भाषणं गरम झाली. जिल्हाधिकाऱ्यांनीही परिषदेत येऊन समजावलं. शेवटी २७ तारखेला सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने शहरातून फिरले, पाण्याला कोणी हात लावला नाही.

याला माघार म्हणणारे २५ तारखेची रात्र विसरतात. मांडवासमोर खड्डा खणून वेदी केली होती, तिच्यात मनुस्मृती जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण. कोर्टाचा हुकूम पाण्यापुरता होता, आणि पाणी अडवणाऱ्या रूढीचा आधार त्या ग्रंथात होता. एकाच परिषदेने कोर्टाचा मान राखला आणि रूढीच्या मुळाला आग लावली. कुठे थांबायचं आणि कुठे नाही, याची इतकी नेमकी जाण मला दुसरीकडे क्वचित दिसते.

मिठाचं गणित वेगळं होतं. तिथे कायदाच अन्याय होता आणि तो करणारं सरकारच प्रतिपक्ष. गांधीजींनी २ मार्च १९३० ला व्हाइसरॉयला पत्र लिहून आगाऊ कळवलं (त्याच दिवशी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला), मग उघडपणे मोडायचं आणि शिक्षा घ्यायची. मूठभर मीठ उचलायला हत्यार लागत नाही, हाही निवडीतला शहाणपणा. समुद्र नव्हता तिथे जंगल सत्याग्रह झाला. बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदला गवत कापलं. पण गवत-लाकूड तोडायला विळा-कोयता हातात येतो, आणि मग बंदुकीला निमित्त मिळणं सोपं होतं. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० च्या गोळीबारात सत्याग्रही गेले, मामलेदारही गेले. कोणता कायदा मोडायचा हे ठरवताना तो मोडायला हातात काय घ्यावं लागेल, हेही ठरत असतं.

महाडचा मनाईहुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, दावा मात्र सुरूच राहिला. महाडचं कोर्ट, ठाण्याचं अपील, मग हायकोर्ट. एका तळ्यासाठी नऊ वर्षांवर. सनदशीर मार्ग ‘खुला’ असतो तेव्हाही तो किती लांब असतो, हे १९४९ चं भाषण करणाऱ्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने सांगितलं की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलेलं नाही. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक होते ब्रूमफील्ड. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींनी राजद्रोहाचा गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली होती आणि सहा वर्षांची शिक्षा घेतली होती, ती याच न्यायाधीशासमोर.