कवटी मोजली म्हणून वंश ठरत नाही

भाची ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत यूपीएससीची तयारी करते. तिचा ऐच्छिक विषय, म्हणजे 'ऑप्शनल', मानवशास्त्र. परवा रात्री तिने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, ऑप्शनल बदलू का?" मेसेज तुमच्याकडेही येऊन गेला असेल, कारण वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलंच होतं. मजकूर थोडक्यात असा: मानवशास्त्र म्हणजे आदिवासींचा अभ्यास. त्यातलं जैविक मानवशास्त्र म्हणजे कवट्या आणि नाकं मोजून कोणती जात कुठून आली ते सांगायची इंग्रजांची विद्या. डीएनए टेस्ट आल्यापासून तीही मोडीत निघाली. शिवाय, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत?

शेवटचं आधी उरकते. येऊरच्या जंगलातून उतरून आपल्या गॅलरीतली केळी पळवणारी माकडं आणि आपण, दोघांचे पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी एकच होते. मग वाटा फुटल्या. माझी चुलत बहीण डोंबिवलीत राहते. ती असताना मी कशी काय आहे, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

आदिवासींचं म्हणणं अर्धं खरं आहे. या विषयाची सुरुवातीची पुस्तकं साहेबाने 'दुसऱ्यां'बद्दलच लिहिली. पण विषय माणसाचा आहे: त्याचं शरीर, भाषा, समाज आणि जमिनीखाली उरलेल्या खुणा. येऊरच्या पाड्यावरचा वारली त्यात येतो, तसा घोडबंदर रोडला तिसाव्या मजल्यावर राहून रात्रपाळी करणाराही येतो. शरीर आणि समाज हे कप्पे वेगळे काढता येत नाहीत, याचं माझं आवडतं उदाहरण सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं. त्याचं जनुक एकाच पालकाकडून आलं तर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, दोघांकडून आलं तर आजार होतो. पश्चिम आफ्रिकेत ते इतकं का पसरलं, याचं कारण मानवशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टनने १९५८ साली शेतीत शोधलं. शेतीसाठी जंगल तोडलं, उघड्यावर डबकी साचली, डास वाढले, मलेरिया वाढला, आणि मागोमाग हे जनुकही. कुदळीने रक्त बदललं, असं म्हणा ना.

आता कवट्या. हा भाग मेसेज लिहिणाऱ्याने हवेतून आणलेला नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा सिद्धांत असा होता की नाक जितकं रुंद, तितकी जात खालची. पण त्यांचेच आकडे मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांनी पुन्हा तपासले आणि १९३२ साली दाखवलं की उत्तरेतल्या एका पट्ट्याबाहेर हे गणित जुळतच नाही. तिकडे अमेरिकेत मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी स्थलांतरित आणि त्यांची मुलं मिळून सुमारे १८ हजार जणांची मापं घेतली. वंशाची कायमची खूण समजला जाणारा डोक्याचा आकार एका पिढीत बदललेला दिसला. बदल किती मोठा, यावर नंतर वाद झाले. पण 'कायमची खूण' ती राहिली नाही.

आणि आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे! बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी पक्षात गेलेले. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशाशी जोडलेला असतो, या त्यांच्या कल्पनेची परीक्षा बाईंच्या वाट्याला आली. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं त्याच गुरूकडे सादर करायच्या प्रबंधात लिहिलं. साल १९३० च्या आसपासचं, परका देश, वय पंचविशीचं. मला हा प्रसंग आठवला की अजून अंगावर काटा येतो. पुढे पुण्याला येऊन त्यांनी महाराष्ट्रातही माणसं मोजली, जातवार मोजली, त्यावर टीका करायला जागा आहे. पण त्यांचा निष्कर्षही मेसेजला सोयीचा नाही: एका नावाखालच्या जाती एका मुळातून फुटलेल्या नसून वेगवेगळे गट एका नावाखाली आलेले असू शकतात.

म्हणजे वंशाची शिडी रचताना मापपट्टी वापरली गेली, आणि ती शिडी मोडतानाही मापपट्टीच कामाला आली.

राहिलं डीएनए. त्याने ही शाखा मोडीत निघाली नाही, ते आज याच शाखेचंही हत्यार आहे. शिवाय आपल्या हवेत जुन्या हाडांमध्ये ते सहसा टिकत नाही. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाच्या अभ्यासात सांगाड्यांचे ६१ नमुने तपासले, त्यातल्या एकाच नमुन्यातून उपयोगी पडेल इतकं डीएनए हाती लागलं. २०१९ साली जे प्रसिद्ध झालं ते त्या एका बाईचं. घोड नदीकाठच्या इनामगावच्या प्राचीन वस्तीत मात्र दातांनी बरंच सांगितलं. लहानपणी उपासमार किंवा मोठं आजारपण झालं की दाताच्या लुकणावर, म्हणजे इनॅमलवर, रेघ उमटते आणि ती जन्मभर जात नाही. घरबसल्या थुंकी पाठवून मिळणारी '४० टक्के अमुक' ही टक्केवारी तर कंपनीकडे तुलनेला कुणाचे नमुने आहेत, त्यावर ठरते.

उपयोगाचं विचाराल तर जवळच्या अंगणवाडीत जा. तिथल्या वाढीच्या तक्त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत केलेली मोजणी आहे, दिल्लीची मुलंही त्यात होती. पोटभर अन्न आणि निरोगी घर मिळालं तर पाच वर्षांपर्यंत नॉर्वेचं मूल आणि आपलं मूल उंचीला जवळपास सारखंच वाढतं, असं त्यात दिसलं. २००६ साली ते तक्ते प्रसिद्ध झाले. अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावते तेव्हा ती जैविक मानवशास्त्रच करत असते, मानधन तेवढं त्या मानाचं नसतं.

हे सगळं भाचीला टाइप करून पाठवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "छान आहे गं. पण इरावतीबाईंवर किती मार्कांचा प्रश्न येतो?"