ग्रंथनिवड समितीत आपलं स्वागत

अभिनंदन! वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर तुमचं नाव लागलं, म्हणजे गावातल्या पोराटोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांना वाचतं करण्याची जबाबदारी आता तुमच्या गळ्यात पडली. घाबरू नका. मी या समितीवर अकरा वर्षं काढली आहेत, आणि वाचनाचा एवढा प्रसार करूनही एकाही माणसाला वाचायची सवय लागू दिलेली नाही.

सुरुवातीलाच एक विचारतो. पुस्तकं कोणासाठी घ्यायची? 'वाचणाऱ्यासाठी' असं उत्तर मनात आलं असेल तर आजच राजीनामा लिहा. पुस्तकं घ्यायची ती मार्चअखेरीसाठी. फेब्रुवारी संपेपर्यंत खरेदीचा विषयच काढायचा नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक गृहस्थ टेम्पो घेऊन दारात येतात. पन्नास टक्के सवलत ते आल्या आल्या देतात, चहा पाजला तर साठ. त्यांच्याकडे थोर पुरुषांच्या चरित्रांचा पंचवीस पुस्तकांचा संच असतो, प्रत्येक पुस्तक बत्तीस पानी. थोर पुरुष पहिल्या पानावर जन्मतो, चौथ्या पानावर खरं बोलतो, एकतिसाव्यावर निधन पावतो आणि बत्तिसाव्यावर उरलेल्या चोवीस पुस्तकांची जाहिरात असते. उघडून बघत बसू नका. पुस्तकं मोजून घ्यायची असतात. एखादा वाचक 'मला अमुक पुस्तक मागवा ना' म्हणत आला तर त्याला मागणी-वही दाखवा. आमच्या वहीला पेन सुतळीने बांधलेलं आहे. पेनात रिफिल नाही.

मुलांची पुस्तकं निवडताना संस्कार सोडायचे नाहीत. गोष्टीतल्या मुलाने भांडू नये, खोड्या काढू नयेत, शक्यतो खेळूही नये. शेवटी तात्पर्य हवंच, तेही ठळक टायपात. आता कोणी म्हणेल, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, त्यातला श्याम पोहायला नको म्हणून लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो, त्याचं काय? बरोबर आहे. म्हणून तर मुलांपुढे नेहमी पायाला घाण लागू न देणारा श्यामच ठेवायचा. लपून बसलेला श्याम हाती लागला तर पोरांना तो आपल्यातलाच वाटेल, आणि मग ती पुढचंही पान उलटतील.

१९३१ साली दोन गोष्टी घडल्या. रामेश्वरमला अब्दुल कलाम जन्मले, आणि मद्रासला रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम पुस्तकरूपाने आले. पहिल्या गोष्टीचा आपण दिन करून टाकला. १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन, २०१५ पासून नेमाने. रंगनाथन यांचा पहिलाच नियम आहे, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकं टोकाचं बोलणाऱ्या माणसाचं करायचं काय? त्यांच्या जयंतीला, १२ ऑगस्टला, फोटोला हार घालायचा. आमच्याकडे तो फोटो कुलूपबंद कपाटावरच टेकवून ठेवतात, म्हणजे जागाही वाया जात नाही.

कपाटाचं महत्त्व मला एका शाळेत कळलं. शाळेचं नाव सांगत नाही, तुमच्याही गावात ती असेलच. मुख्याध्यापकांनी मला नोंदवही दाखवली. बाक, घंटा, फळा, सतरंजी आणि पुस्तकं, सगळं एकाच जडवस्तू संग्रहात. "पुस्तक हरवलं तर माझ्या पगारातून जाईल. घंटा मी पोरांना घरी नेऊ देतो का?" सर म्हणाले. मी निरुत्तर झालो. कपाटाची किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात, आणि खणाची किल्ली जानव्याला.

प्रेरणा दिनाला मात्र ते कपाट उघडतं. मी पाहुणा होतो. डांबरगोळ्यांचा वास मैदानापर्यंत आला. चाळीस मिनिटांच्या तासात वीस मिनिटं मी वाचनाचं महत्त्व सांगितलं, मग मुलांच्या हातात एकेक पुस्तक दिलं. सहावीतली एक मुलगी, वेणीचं टोक तोंडात धरून, सतराव्या पानापर्यंत पोचली होती. तेवढ्यात शिट्टी झाली, फोटो झाला, पुस्तकं गोळा झाली. "सर, पुढे काय झालं?" तिने विचारलं. "पुढच्या वर्षी," सर म्हणाले. ती आता सातवीत असेल, आणि सातवीच्या रांगेला दुसरा गठ्ठा येतो.

एवढं करूनही एखादं मूल वाचायला लागलंच, तर त्याच्याकडून लगेच सारांश लिहून घ्या. पाच नवे शब्द, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध आणि खाली पालकांची सही. पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, ही बातमी मात्र शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ देऊ नका. तिथे गुड मॉर्निंग चालतं.

मोठ्यांचं त्या मानाने सोपं आहे. त्यांना वाचायला सांगितलं की ती आपोआप थांबतात. हल्ली पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायची चांगली पद्धत पडली आहे. यशस्वी होण्याचे मार्ग सांगणारं एक पुस्तक गेली चार वर्षं आमच्या गावातून सत्कारासत्काराने फिरतं आहे. मला ते दोनदा मिळालं, दुसऱ्यांदा मी दिलेल्याच कागदात. आणि कोणी पोलीसकथा किंवा भुताची गोष्ट मागितली, तर नुसत्या भुवया उंचावा. ३ ऑक्टोबर २०२४ ला आपली भाषा अभिजात झाली; वाचकानेही थोडं अभिजात व्हायला नको?

महाबळेश्वरच्या बाजूला गेलात तर भिलारला जाऊन या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली असतात, कोणीही आत जावं आणि वाचत बसावं. तुम्ही पाटीसमोर फोटो काढा आणि स्ट्रॉबेरी घेऊन निघा. कुठे ओसरीवर टेकलात, तर पाचगणीची गाडी चुकेल.

राहता राहिलं निर्लेखन. म्हणजे फाटकी, जीर्ण पुस्तकं यादीतून काढून रद्दीत द्यायची. हे काम मला सगळ्यांत आवडतं, कारण त्यात न्याय आहे. ज्याला कोणी हात लावला नाही ते पुस्तक कोरं करकरीत राहतं, शेरा 'उत्तम', आणि फळीवर जागा कायम. ज्याला दोनशे जणांनी हाताळलं त्याचा पुठ्ठा सुटतो, शेरा 'जीर्ण', आणि ते किलोवर जातं. गेल्या महिन्यात असंच एक हाती आलं, कुणा बंगल्यातल्या खुनाची जुनी रहस्यकथा. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. बाराव्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'नोकरावर लक्ष ठेवा.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'नोकर नाही. मी वाचलंय.' त्याखाली निळ्या शाईत, 'गप बसा दोघे.'

रीतसर 'जीर्ण' असा शेरा मारला आणि फक्त तपासणीसाठी म्हणून ते घरी नेलं. रात्री दीड वाजता एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर होतो. इन्स्पेक्टरने सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं होतं, दार आतून लावलं होतं. पुढची चार पानं नाहीत.

रद्दीवाला येऊन गेला. ते पुस्तक अजून माझ्याच उशाशी आहे, यादीत मात्र गेलं. तर आपल्यापैकी कोणाकडे ती चार पानं असतील तर वाचनालयात आणून द्यावीत. दंड घेणार नाही. आणून देणं जमत नसेल तर निदान नोकर होता की नव्हता, एवढं तरी कळवा.